आभारातलं नाव

सुगतला जर्मनीला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्याला भोसरीचं पाणी बाधायला लागलं होतं. म्हणजे बाधेल अशी भीती होती. प्रत्यक्ष पिऊन बघायची वेळ त्यानं येऊ दिली नव्हती. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाला आला तोही थेट चिंचवडच्या हॉटेलात उतरला. "रात्री ऑफिसचे कॉल असतात, तुमची झोपमोड कशाला," असं त्यानं आईला सांगितलं. "बरं केलंस," गिरजाबाई म्हणाल्या, "हितं पंख्याखाली तुला झोप यायची न्हाई." या बाईला राग कसा येत नाही, याचाच सुगतला राग आला.

देशात पाय ठेवल्यापासून जो भेटेल तो एकच विचारत होता, "परत कधी?" टॅक्सीवाल्यानं विचारलं, शेजारच्या केसरबाईंनी जिन्यात गाठून विचारलं. घरात शिरल्यावर आईनं विकतच्या पाण्याची बाटली पुढे केली, धाकट्या भावाच्या बायकोनं, योगिनीनं, खुर्ची पुसून दिली आणि तिनंही तेच विचारलं. तिकडे त्याला कुणी आपलं म्हणत नव्हतं, ते त्यानं केव्हाच पचवलं होतं. इथेही आपण पाहुणेच आहोत हे त्याला त्या पुसलेल्या खुर्चीत बसल्यावर कळलं. आणि तरी तो बसून राहिला.

टीव्हीपाशी कार्यक्रमाची पत्रिका होती. कालकथित लक्ष्मणराव यांचा प्रथम स्मृतिदिन व पुण्यानुमोदन. खाली निमंत्रक म्हणून गिरजाबाई, धम्मरत्न, योगिनी. सुगतनं दोनदा वाचून पाहिलं. त्याचं नाव वरच्या बाजूला होतं, प्रमुख पाहुणे या मथळ्याखाली, पुढे 'जर्मनी' असं ठळक छापलेलं.

त्यानं भावाला, धम्मरत्नला, गॅलरीत नेलं. "हे काय रे? माझ्याच बापाच्या कार्यक्रमाला मी पाहुणा?"

धम्मरत्न चाकणच्या कंपनीत शिफ्टवर असायचा, आज सुट्टी टाकून कामाला जुंपला होता. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. "दादा, पत्रिका छापायला टाकली तेव्हा तुझं यायचं नक्की नव्हतं. निमंत्रकात नाव असलं आणि माणूस दिसला नाही, की लोक विचारत बसतात. पाहुणा नाही आला तर कुणी काही म्हणत नाही. मागच्या वेळी लोकांना उत्तरं देता देता आईची पुरेवाट झाली होती."

मागच्या वेळी म्हणजे वडील गेले तेव्हा. नऊ दिवस ते दवाखान्यात होते आणि नऊ दिवस धम्मरत्न त्यांच्या उशाशी. सुगतनं फोनवर सांगितलं होतं, की तिथं राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला दिलंय, ते हातात यायच्या आत देश सोडला तर परत शिरता येणार नाही. गिरजाबाईंनी ते सगळ्या आळीला सांगितलं. "पोरगं रडत हुतं फोनवर, पर तिथल्या सरकारनं सोडलंच न्हाई." खरं म्हणजे कार्ड सुगतच्या पाकिटात होतं. त्या आठवड्यात त्याच्या कंपनीच्या नव्या गाडीच्या मॉडेलचं काम संपत आलं होतं, त्यामागे बढती होती, आणि वडील एवढ्यात काही जात नाहीत असं त्यानं स्वतःच्या सोयीनं ठरवून टाकलं होतं.

"आभार कोण मानणार आहे?" सुगतनं विचारलं.

"मीच."

"त्यात माझं नाव घेऊ नकोस. घरच्या माणसाचे कुणी आभार मानत नाही. एवढं कर माझ्यासाठी."

"असं कसं? एवढ्या लांबून आलास..."

"कार्ड माझ्याजवळच होतं, धम्मा." वर्षभर घशात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. मग त्यानं बढतीचंही सांगून टाकलं.

धम्मरत्न तारेवरचा पांढरा शर्ट नुसताच इकडून तिकडे सरकवत राहिला. "आईला सांगू नकोस," शेवटी तो म्हणाला. "वर्षभर तुझ्यासाठी भांडलीय ती. आता लोकांत खोटी पडेल." आत जाता जाता पुन्हा वळला. "नाव नाही घेत. झालं?"

विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर दाटीनं बसली होती. सुगत भावाशेजारी मांडी घालून बसला, तर दोघातिघांनी दंडाला धरून उठवलं. "साहेब, वर चला, वर." भंतेजींनी त्रिसरण, पंचशील दिलं. मग सुगतला पुष्पगुच्छ मिळाला आणि दोन शब्द बोलायला माइक मिळाला. वडील कष्टाळू होते, साधे होते, असं तो बोलला. कुठल्याही प्रमुख पाहुण्यानं कुठल्याही माणसाबद्दल बोलावं, तसंच. खाली माणसं माना डोलवत होती आणि वर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

शेवटी धम्मरत्न आभाराला उठला. भंतेजींचे मानले, विहार कमिटीचे मानले, मांडववाला, आचारी, खुर्च्या देणारा, एकेकाचं नाव घेतलं. "आणि आपण सगळे आलात, आपलेही आभार," म्हणून त्यानं माइक खाली घेतला. सुगतचं नाव आलं नाही. सुगतचा जीव भांड्यात पडला. या घरात आपल्याला परत घेतलं, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून गिरजाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या.

"आरं धम्मा, सुगतचं ऱ्हायलं की! तिथल्या सरकारच्या हातापाया पडून आलंय लेकरू. नाव घे त्याचं."

धम्मरत्ननं वर भावाकडे पाहिलं आणि तो थांबला. बराच थांबला. सुगतनं तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं, एवढी शांतता होती. त्यानं मान खाली घातली.

"जर्मनीहून वेळात वेळ काढून आलेले आमचे प्रमुख पाहुणे," धम्मरत्न माइकवर सावकाश म्हणाला, "सुगत यांचे मी आमच्या कुटुंबातर्फे आभार मानतो."

टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात गिरजाबाई वाजवत होत्या.