एका पेटीतला संसार

किंचाळू नका, खुर्चीवरही चढू नका. मी पाल बोलतेय.

मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे माझं बिऱ्हाड आहे. जन्माबद्दल फारसं सांगता येणार नाही. जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागे अंडं फुटलं, मी बाहेर आले आणि समोर पहिली वस्तू दिसली ती झाडू. तेव्हापासून मी कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. ट्यूबभोवती नेहमीपेक्षा जास्त किडे जमले, तरी मला वाटतं, यात काहीतरी काळंबेरं असणार.

माणसांनी माझ्या या स्वभावाला आपल्या भाषेत जागा दिली आहे. कुणाला संशय आला की ती म्हणतात, मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं तर आम्ही 'चुकचुक' करत नाही. आम्ही 'चूक, चूक' म्हणतो. निदान मी तरी तसं म्हणते. पण मग मनात येतं, माझीच समजूत चुकीची नसेल कशावरून?

या घरात तीन माणसं. सोनूबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते आता नाहीत. मुलगा नितेश, आणि सून विनिता. विनिताचं ऑफिस बंद पडलं आणि ती घरी बसली. बसल्या बसल्या तिने ठरवलं, की बिबट्या पाली पाळायच्या, त्यांची पिल्लं वाढवायची आणि त्यातच आपलं काम उभं करायचं. लेपर्ड गेको म्हणतात त्यांना. कोरड्या मुलखातल्या, पिवळ्याधमक, अंगभर काळे ठिपके. त्यांना भिंतीवर चढता येत नाही. ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. चढता न येणारी पाल!

घाटकोपरच्या एका हौशी माणसाकडून जोडी आली. नराचं नाव ठिपक्या, मादीचं केशर. खाली वॉचमन काशीरामने अर्धवटच ऐकलं आणि धावत वर आला.

"मॅडम, बिबट्या पाळला काय? आधीच मागच्या डोंगरातून खरा उतरतो!"

विनिताने डबा उघडून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "ही तर पाल!" आणि दोन पायऱ्या मागे सरला. बिबट्याला तो इतका घाबरला नसता.

मग प्रश्न आला घराचा. विनिताने पुष्कळ वाचलं होतं. प्रत्येकाला वेगळा, साधा प्लास्टिकचा डबा हवा. झाकणाला भोकं, खाली कागद, एका बाजूला ऊब आणि लपायला जागा. पण नितेश तिला खूश करायला एक मोठी काचेची पेटी घेऊन आला. आत दिवे, रंगीत दगड, मागे वाळवंटाचं चित्र.

"अरे, दोघांना वेगळं ठेवायचं असतं," विनिता म्हणाली.

"जोडी आहे ना ती? वेगळी ठेवून पिल्लं कशी होणार? व्हॉट्सअ‍ॅपवर?"

"भेटवायचं फक्त थोडा वेळ. मग परत आपापल्या घरी."

सोनूबाई खोबरं किसत होत्या. त्या म्हणाल्या, "घोवाक नि बायलेक दोन घरां? आमी चाळीत धा माणसां एका खोलयेत रवलंव. पोरां झाली नाय ती काय?"

नितेश खो खो हसला. विनिताही हसली, पण उशिरा. तिला बरोबर ठाऊक होतं. ते आपल्याला ठाऊक आहे, याचीच तिला खात्री नव्हती. हा रोग मी ओळखते.

मी वरून म्हटलं, "चूक, चूक."

सोनूबाईंनी फरशीवर बोटं टकटकवली, "कृष्ण कृष्ण" म्हटलं आणि मुलाकडे रोखून पाहिलं. "खरा सांग रे, त्या पेटीवाल्यान तुका फसवल्यान नाय मां?"

झालं. शंका पेटीवाल्यावर गेली आणि पेटी हॉलमध्ये बसली. सोनूबाईंनी कौतुकाने आपल्या हातातली नारळाची करवंटी दिली, लपायला. ती उबेच्या बाजूला पालथी ठेवली गेली.

करवंटी ठिपक्याने घेतली. केशर आत डोकावली की तो शेपूट थरथरवत अंगावर जायचा. ती मग पेटीच्या थंड टोकाला काचेला चिकटून बसायची. संध्याकाळी नितेश दिवे लावायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "बघा, किती शांत आहेत!"

ती शांतता मला खरी वाटेना. पण मी माझ्यावरही संशय घेतला. मला झाडू आणि हिला काचेचा महाल; हा नुसता मत्सर तर नव्हे? बरेच दिवस मी त्यामुळे गप्पच राहिले.

केशरने खाणं सोडलं. तिची जाड शेपटी सुतासारखी होत चालली. आता ती वाचते की नाही, याच भीतीने घर भरलं. विनिताने आधी घाटकोपरवाल्यावर संशय घेतला, मग खायला घातलेल्या किड्यांवर, मग सासूबाईंच्या उदबत्तीवर. शेवटी तिची नजर वर आली.

"ही भिंतीवरचीच काहीतरी रोग आणत असणार."

"पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो," नितेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली उतरले आणि केशरसमोर, काचेला बाहेरून चिकटले. का उतरले, ते छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तिच्यासाठी म्हणावं, तर आतले किडेही दिसत होतेच. विनिता झाडू घेऊन धावली. फटका बसला आणि माझी शेपटी तुटून फरशीवर वळवळू लागली.

ती कागदात उचलायला विनिता वाकली. पहिल्यांदाच तिचे डोळे पेटीच्या तळाशी आले. केशरच्या शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला, दातांच्या खुणा होत्या. तेवढ्यात ठिपक्या करवंटीतून सुटला आणि त्याने तिथेच पुन्हा धरलं.

"आई! इकडे या! हा चावतोय तिला!"

तिने त्याला आधी सोडवलं. सोनूबाई गुडघे धरत खाली बसल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"हो करटीत ऐसपैस, आणि ती भायर," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. "धा माणसां होती आमच्या खोलयेत. कोणाक काय दिसला नाय. रडाक पण जागा गावली नाय माका कधी."

विनिताने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तिका आजच्या आज येगळा घर दी, गे."

नितेश घरी आला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात तापल्या खिळ्याने डब्याच्या झाकणाला भोकं पाडत होत्या.

"मग पिल्लांचं काय?" त्याने विचारलं.

"आधी ती जगू दे रे," विनिता म्हणाली. या वेळी आवाजात शंका नव्हती.

केशरला आता साधा डबा आहे. आत कागद, ऊब आणि लपायला फक्त तिची जागा. पहिले दिवस ती माझ्यासारखीच प्रत्येक आवाजाला दचकायची. मग एकदा तिने किडा खाल्ला.

मला कुणी धन्यवाद दिले नाहीत. खिडक्यांना जाळ्या लागल्या आहेत, पेस्ट कंट्रोलवाला कधीही येईल, आणि माझी नवी शेपटी आखूड, भलत्याच रंगाची उगवते आहे. जाईन मी परत जिन्यात. एवढंच मागणं आहे, की कुणाला घर द्याल तेव्हा ते पाहुण्यांना कसं दिसतं हे विचारू नका. आत राहणारीला विचारा.

आम्हा भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात. आम्हाला डोळे मिटताच येत नाहीत. केशरला पापण्या आहेत, पण त्या पेटीत असताना मी जेव्हा जेव्हा पाहिलं, तेव्हा तिचे डोळे उघडेच होते. आज दुपारी मी तिच्या डब्यावरून गेले. ती दोन्ही डोळे मिटून झोपली होती. मी पुष्कळ वेळ थांबून, संशयाने, नीट पाहिलं. खरंच झोपली होती.