शेवटची बोट

बेटावर पाऊल टाकताच माझ्या नणंदेने जागा पक्की करून टाकली. चारी बाजूंनी तलाव, पाण्यापर्यंत उतरत गेलेलं गवत आणि पश्चिमेच्या टोकाला दगडी चौथरा. मावळतीला लग्न तिथेच लागणार.

"वहिनी, बघ तरी!"

मी बघतच होते. चौथऱ्याला कठडा नव्हता. पायऱ्यांवर शेवाळ होतं. मोबाइलची रेंज तर बोटीत बसतानाच गेली होती.

माझा मुलगा ढब्बू माझ्या कडेवर होता. मध्यंतरी तापात त्याला झटका आला होता. डोळे फिरले, अंग ताठ झालं. दवाखाना गल्लीच्या टोकाला होता म्हणून निभावलं. पुन्हा येऊ शकतो, पण घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. म्हणायला काय जातं!

बेटावरच्या रिसॉर्टचा मॅनेजर कौतुकाने खोल्या दाखवत होता. मी विचारलं, "शेवटची बोट कधी सुटते?"

"सूर्य मावळायच्या आत, मॅडम. नंतर वारा उठतो. मग थेट सकाळी."

"आणि रात्री कोणाला काही झालं तर?"

"आजवर कोणाला काही झालेलं नाही," तो हसला.

"अगं, लग्नाची जागा बघायला आलीस की दवाखाना शोधायला?" सासूबाई म्हणाल्या. "आमची पोरं काय तापली नाहीत? ओली पट्टी ठेवायची, झालं."

नवऱ्याने कोपराने ढोसलं. "आज राहू दे ना. ती किती खूश आहे बघ."

होतीच खूश. आधीच्या दोन जागांत मीच खोड काढली होती, एकीत दरी म्हणून, दुसरीत घाटातली वळणं म्हणून. आता पुन्हा तोंड उघडलं तर मांजर आडवं गेलं म्हणतील. गप्प बसायचं ठरवलं. मग ढब्बूने खांद्यावर मान टाकली. नुसती झोप आली होती त्याला, पण माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"मी रात्री इथे राहणार नाही. ह्याला घेऊन शेवटच्या बोटीने परत जाईन. तू जागा बदलू नकोस."

नणंद वळली. "म्हणजे मावळतीला लग्न लागताना तू नसणार?"

"नाही."

"झालं!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"दादा नसला तर चालेल एक वेळ," नणंद म्हणाली. "तू नसशील तर माझ्या बाजूला उभं कोण राहणार?"

मग तिने मॅनेजरला विचारलं, "सकाळी इथे ऊन येतं?"

"सकाळी टेकडीची सावली असते. फोटो काळपट येतात. सगळे संध्याकाळच घेतात."

"आम्हाला सकाळ द्या. लग्न लावून दुपारी सगळे परत."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

बोटीकडे उतरताना ती एकदम म्हणाली, "हा उठतो किती वाजता?"

"उजाडायच्या आधी."

"मग पाहुण्यांना पहिल्या बोटीसाठी हाच उठवेल." म्हणाली खरी, पण हसली नाही.

तलावावर सकाळी धुकं पडतं का, हे मॅनेजरला विचारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.