सुकन्याच्या दारावरची संशयी कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. स्वभावाने संशयी. आल्यागेल्याची चाहूल घेत जन्म काढायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार?

उदगीरच्या एका लोहाराने मला घडवलं. तिथून मी धर्माबादला गेले, सुकन्याच्या सासरच्या दारावर. तिचा नवरा भुजंग तिला मारायचा. एकदा तो कोयता घेऊन धावून आला, तेव्हा तिने आत शिरून मला लावलं. त्याने दारावर लाथांवर लाथा घातल्या. मी वाकले, पण शेजारी जमेपर्यंत सुटले नाही. भुजंगला तुरुंग झाला. काडीमोड घेऊन सुकन्या ते घर सोडून निघाली तेव्हा तिने दारावरून मला काढलं आणि पिशवीत घातलं. एवढा मान कुठल्या कडीला मिळाला असेल?

नांदेडला एका खोलीच्या दारावर तिने मला बसवलं आणि आत ती ब्लाउज शिवू लागली. भर दुपारीसुद्धा मी लावलेलीच असे. गिऱ्हाइकाने आधी नाव सांगायचं, मग मी निघायचे.

अशातच शिलाई मशीन दुरुस्त करणारा रामलिंग येऊ लागला. किल्लारीकडचा, चाळिशीला टेकलेला, बोलायला फार गोड. इतकं गोड बोलणारा माणूस मला खपत नाही. सुकन्या मला लावी आणि हा काहीतरी निमित्त करून मला काढी. कधी उकाड्याचं, कधी उजेडाचं. मशीन धड चालत असतानाही याच्या चकरा सुरूच. सुकन्या त्याच्या चहात वेलदोडा टाकू लागली, तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं.

त्याच सुमारास भुजंग सुटल्याची बातमी आली. आणि एके दिवशी रामलिंगने मशीनचं तेल माझ्यावर सोडलं. आवाज न करता निघणारी कडी कोणाला हवी असते? मी ओळखलं, हा भुजंगचाच माणूस.

सुकन्यालाही तेच वाटलं. कात्री हातात धरून तिने विचारलं, "खरं सांगा. कोणी पाठवलं तुम्हाला?"

रामलिंगने हातातली तेलाची कुपी खाली ठेवली. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. अंगणात झोपला होता म्हणून वाचला.

"माय आत होती," तो म्हणाला. "कडी निघंना, कडी निघंना म्हणत होती. मग भिंतच अंगावर आली. तवापासून लावलेली कडी दिसली की जीव लई घाबरतो. तेल घातलं ते त्याच्यासाठीच."

मला माझ्या लोखंडाची लाज वाटली. सुकन्याने कात्री खाली ठेवली आणि आपलंही सगळं सांगितलं. पुढे तो आला की ती दार उघडं ठेवू लागली. तिच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा ती हसली आणि मग रडली.

"मला कडी लावल्याबिगर झोप न्हाई, तुम्हाला लावलेली चालत न्हाई," ती म्हणाली. "कसा व्हावा संसार?"

त्यानंतर रामलिंगच्या चकरा कमी झाल्या.

एका दुपारी तो मशीनचा पट्टा बदलत होता. गल्लीच्या तोंडाशी भुजंग दिसला. सुकन्या जागच्या जागी गोठली. रामलिंगला बाहेर पळता आलं असतं, दार उघडंच होतं. त्याने आतून दार लोटलं आणि स्वतःच्या हाताने मला लावलं. पाठ दाराला टेकवून तो घामाने निथळत उभा राहिला. बाहेरून लाथा बसत होत्या. शेजाऱ्यांनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत ना तो हलला, ना मी.

मग सुकन्याने मला काढलं आणि त्याला धरून बाहेर मोकळ्यावर नेलं. महिनाभरात त्यांचं लग्न झालं.

आता मला लावण्याआधी ती विचारते, "लावू का?" कधी तो होकार देतो, कधी "थोडं थांब" म्हणतो. ती थांबते. तुम्हीही कोणाच्या भीतीला हसू नका, मित्रांनो, आधी विचारा. भुजंग पुन्हा सुटेल, म्हणून मी अजून सावध आहे. पण त्या दुपारी मला लावणारा हात मलाच घाबरत होता, तरी मागे हटला नाही. अशा हातावर कधी संशय घेऊ नका. मी घेतला होता.