साखळीला बांधलेला मोबाईल

मित्रांनो, साखळीला बांधलेला मोबाईल तुम्ही कधी पाहिला आहे का? साखळीने सायकल बांधतात, बँकेतलं पेनसुद्धा बांधतात! मला मात्र चाकणच्या एका कारखान्यात टेबलाच्या पायाला बांधलं होतं. मी एक जुना मोबाईल आहे. कोपरा फुटका, आवाज घोगरा, पण स्मरणशक्ती एकदम ठणठणीत!

पहिली तीन वर्षं मी वर्षालीकडे होतो. तिचे वडील उद्धवराव त्या कारखान्यात डिस्पॅचचे सुपरवायझर, म्हणजे तयार माल गाडीत भरून पाठवणारे. वर्षालीने माझ्यावर बारावीचा अभ्यास केला (थोडा) आणि रील्स पाहिल्या (पुष्कळ). मग तिला नवा फोन मिळाला आणि मी कपाटात मोज्यांच्या शेजारी जाऊन पडलो. त्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही.

माझं नशीब उघडलं ते कंपनीच्या आयटीतल्या दिपालीताईंमुळे. तेव्हा कंपनीत हजेरीचा पासवर्ड वेगळा, स्टोअरचा वेगळा, क्वालिटीचा वेगळा, डिस्पॅचचा वेगळा. लोक विसरायचे, म्हणून कीबोर्डखाली चिठ्ठ्या चिकटवायचे. दिपालीताईंनी ठरवलं, चार दारं नकोत, एकच दार करू. एकदा आपल्या नावाने आत शिरलं की आपली सगळी कामं उघडी.

"पण दार एकच असेल तर कडी पक्की हवी," त्या म्हणाल्या. ती कडी म्हणजे मोबाईल. पासवर्ड टाकला की ज्याच्या त्याच्या मोबाईलवर नावानिशी प्रश्न येणार, 'हे तुम्हीच आहात का?' खाली दोन बटणं. होय आणि नाही.

किती सुंदर योजना! पण शॉप फ्लोअरवर मोबाईलला बंदी होती. सगळ्यांचे फोन गेटवरच्या खणांत जमा.

"मग सगळ्यांचा मिळून एकच ठेवू की," उद्धवराव म्हणाले. "आमच्या पोरीचा पडलाय घरी."

"काका, असं नाही चालत. ज्याची कडी त्याच्याच हातात हवी."

"अवो ताई, आमच्या आळीत आठ घरांच्या किल्ल्या एका खुंटीला असत्यात. आजवर कुणाची वाटीसुदिक गेली न्हाई!"

सगळे हसले. कस्टमरचं ऑडिट आठवड्यावर आलं होतं. मॅनेजर शेखर साहेब म्हणाले, "सध्या चालू करा, नंतर बघू." आणि मित्रांनो, ते 'नंतर' काही आलंच नाही.

सुरुवातीला काय माझा थाट होता! अकरा जणांच्या कड्या माझ्या एकट्याच्या पोटात. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली तेव्हा मलाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. मी फुगून गेलो.

पण दिवसातून चाळीस वेळा मी विचारायचो, 'हे तुम्हीच आहात का?' आणि जो कुणी जवळ असेल तो 'होय' दाबून मोकळा व्हायचा. नाव वाचायला वेळ कुणाला? माझ्या काचेवर 'होय'च्या जागी घासून पांढरा डाग पडला. 'नाही'ची जागा मात्र कोरी करकरीत. खोटं मी बोलत नव्हतो, पण खोटं माझ्याच अंगावरून आत जात होतं.

क्वालिटीत मंजुषाताई होत्या. जालन्याहून आलेल्या, चाकणजवळच्या चिखलीत भाड्याने राहणाऱ्या. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यानंतर यंदा पर्मनंटच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. ही बातमी त्यांनी माझ्या टेबलापाशी इतक्या हळू आवाजात सांगितली होती, जणू मोठ्याने बोललं तर ती उडून जाईल.

एका मंगळवारी त्यांनी लोखंडी ब्रॅकेटच्या पेट्यांवर लाल चिठ्ठी लावली, म्हणजे माल थांबवा. तीन वाजता शिफ्ट संपवून त्या घरी गेल्या. सव्वाचारला गाडी येऊन दारात हॉर्न वाजवायला लागली. थांबवलेला माल सोडायचा हक्क क्वालिटीचा, म्हणून डिस्पॅचमधल्या कुलदीपने मंजुषाताईंचा पासवर्ड टाकला. तो सगळ्यांनाच पाठ होता! मी थरथरलो. नाव मंजुषाताईंचं, प्रश्न नेहमीचाच. उद्धवराव चहाचा घोट घेत होते. त्यांनी न बघता अंगठा टेकवला. होय.

चार दिवसांनी माल परत आला. वेल्डिंगला तडे. रेकॉर्डमध्ये लिहिलं होतं, माल सोडला, मंजुषा. पर्मनंटच्या यादीतलं त्यांचं नाव थांबलं.

माझ्याच टेबलाभोवती सगळे जमले.

"मी लाल चिठ्ठी लावली होती, साहेब," मंजुषाताई म्हणाल्या.

"पण सिस्टीममध्ये नाव तुमचंच आहे," शेखर साहेब म्हणाले.

दिपालीताईंनी कागद पुढे केला. "लॉगिन सव्वाचारचं आहे. गेटच्या नोंदीप्रमाणे मंजुषा तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडली. नाव तिचं, साहेब. अंगठा कुणाचा?"

मला सगळं ठाऊक होतं, पण मला विचारतंय कोण? मी तर विचारण्यासाठीच बनलेला!

उद्धवराव उठले. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. "त्या टायमाला हितं मीच बसतो. म्हंजे अंगठा माझाच. नाव वाचलं न्हाई मी. कंदीच वाचत न्हाई."

मग कुलदीपने मान खाली घातली. "पासवर्ड मी टाकला, काका. मला वाटलं, लाल चिठ्ठी काढायची राहून गेली असेल."

दोघांना लेखी ताकीद मिळाली. पासवर्ड सगळ्यांचे बदलले. प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्राला अडकवायची एक छोटी चकती मागवली, ज्याची कडी त्याच्या गळ्यात! ती यायला पंधरा दिवस होते, तोवर मीच. मंजुषाताईंचं नाव मात्र अजून अडकलेलंच. 'वरून उत्तर येईल' म्हणे.

एका दुपारी परत गाडी उभी राहिली. मंजुषाताई जेवायला गेल्या होत्या. टेबलावरचा इंटरकॉम वाजला. शेखर साहेब केबिनमधून बोलत होते.

"उद्धवराव, पासवर्ड बदलायचा अधिकार माझ्याकडे आहे. मंजुषाच्या नावाने मीच माल सोडतोय. होय दाबा."

मी थरथरलो. उद्धवरावांनी चष्मा लावला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"साहेब, मी मंजुषा न्हाई."

"अहो, गाडी उभी आहे!"

"व्हय, उभी हाय. पाच मिनिटं अजून उभी ऱ्हाईल. बाईला जेवून येऊ द्या."

आणि त्यांनी ग्रीसने माखलेला अंगठा त्या कोऱ्या जागेवर ठेवला. नाही! मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं पहिलं 'नाही'! रेकॉर्डमध्ये तेही नोंदलं गेलं. ते वाचून दिपालीताईंनी वर काय कळवलं कोण जाणे, पण आठवड्याने मंजुषाताईंच्या हातात पर्मनंटचं पत्र आलं. ते त्यांनी सर्वांत आधी उद्धवरावांना दाखवलं. उद्धवरावांनी ते पत्र, चष्मा लावून, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

आता चकत्या आल्या आणि माझी साखळी सुटली आहे. उद्धवरावांनी मला मंजुषाताईंना देऊन टाकलं; मी त्यांच्या टेबलाच्या खणात असतो, कधीमधी चार्जिंगला लागतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या फोनवरही कधीतरी असा प्रश्न येईल. तुम्ही घाईत असाल. तेव्हा अंगठा क्षणभर हवेतच धरा आणि नाव वाचा. कारण त्या नावामागे कुणाचीतरी सहा वर्षं असतात.

मंजुषाताईंनी परवा माझी काच पुसली. पांढरा डाग घासून घासून पुसला, तो काही गेला नाही. पलीकडच्या ग्रीसच्या ठशाला मात्र त्यांनी फडकं लावलंच नाही.