पाठ केलेली बाई

एक काम कर. डोळे मीट आणि एक लिंबू डोळ्यांसमोर आण. आलं? आता ते लिंबू गोणपाटावर ठेव, वर पिवळी ताडपत्री बांध आणि दुपारचे बारा वाजव. ताडपत्रीतून गाळून आलेलं ऊन लिंबावर पडलंय आणि लिंबाची इवलीशी सावली गोणपाटावर. सांग बघू, ती सावली कोणत्या रंगाची आहे? घाईघाईने काळी म्हणू नकोस. मी थांबतो. नीट बघ.

अक्षताला ती जांभळी दिसली होती.

अक्षता आठवीत होती, धायरीला राहायची. तिची आत्या मुक्ताबाई मंडईच्या इमारतीबाहेर ताडपत्रीखाली लिंबं, आलं आणि कोथिंबीर घेऊन बसायची. रविवारी अक्षता तिच्याजवळ जाऊन बसे. आत्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता, पाट्या उचलून उचलून तसा झालेला. केस विरळ, त्यांची बोटाएवढी वेणी. आणि तोंड सतत चालू.

"ताई, दाबून काय बघता? लिंबू हाय, सायकलचं चाक न्हाई!"

गिऱ्हाईक हसायचं आणि चार लिंबं जास्त घेऊन जायचं.

अक्षताला ही सावली दिसली ती सलिल सरांमुळे. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी वर्गात पडदा लावला आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधली चित्रं दाखवली. तिथे त्या काळी चित्रकार व्हायचं तर आधी कित्येक वर्षं प्लास्टरचे पुतळे बघून तस्सेच काढावे लागत. मोठ्या सरकारी प्रदर्शनात कोणतं चित्र लागायचं ते परीक्षक ठरवत, आणि त्यांना गुळगुळीत, ठरलेल्या पद्धतीची चित्रं आवडत. काही तरुण चित्रकार याला कंटाळले. रंगांच्या नळ्या पिशवीत टाकून ते उघड्यावर गेले, नदीकाठी, शेतात, बाजारात. जसा उजेड दिसला तसा त्यांनी रंगवला. मोने नावाच्या चित्रकाराने गवताच्या गंजींची वीसहून जास्त चित्रं काढली, कारण सकाळची गंजी आणि संध्याकाळची गंजी त्याला एक वाटेचना. सेझान एकाच डोंगराकडे वर्षानुवर्षं परत परत जात राहिला. लोक त्यांना हसले. एका टीकाकाराने टिंगल म्हणून त्यांना जे नाव दिलं, तेच पुढे त्या सगळ्या चळवळीचं नाव झालं.

"सर, म्हातारे झाल्यावर काय केलं त्यांनी?" वर्गातल्या सार्थकने विचारलं होतं.

"त्यांच्यातल्या रन्वारची बोटं संधिवाताने वाकडी झाली. त्या वाकड्या बोटांत ब्रश धरून तो शेवटपर्यंत रंगवत राहिला. मातीस नावाचा चित्रकार पुढच्या पिढीतला. आजारपणानंतर त्याला फार वेळ उभं राहता येईना. मग त्याने पलंगावर बसून कात्रीने रंगीत कागद कापले, त्यांचीच चित्रं केली."

त्या रविवारी अक्षताने वहीत आत्याचं लिंबू काढलं. सावली जांभळी रंगवली. आत्याने वही हातभर लांब धरून पाहिली.

"लिंबू झ्याक हाय. पन मी कुठं हाय?"

"तुला परीक्षेत काढणार."

"बघ हां. समद्या मंडईला सांगून ठेवीन."

परीक्षा म्हणजे एलिमेंटरी, चित्रकलेची सरकारी परीक्षा. अक्षतासाठी ती नुसती परीक्षा नव्हती. वडिलांनी, विक्रमरावांनी, जेवताना सांगून टाकलं होतं, "ए ग्रेड आली तर चित्रकलेचा क्लास चालू. नाही आली तर तो बंद, आणि शनिवार-रविवार गणित. मग कुरकुर ऐकून घेणार नाही." ते रागीट नव्हते. पण एकदा बोलले की बोलले.

ऑगस्ट उजाडला आणि सलिल सरांनी पडदा गुंडाळून ठेवला. त्याऐवजी त्यांनी एक छापील चित्र वाटलं. स्मरणचित्राच्या पेपरात आठवणीतून एखादा प्रसंग काढायचा असतो, त्याची ही तयारी. चित्रात एक बाई होती. गोल अंबाडा, कमरेवर पाटी, एक पाय पुढे. तिच्यामागे एक झाड, झाडामागे देवळाचा कळस.

"ही बाई पाठ करायची," सर म्हणाले. "विषय जत्रा आला तर हिच्या हातात फुगा द्या. बाजार आला तर पाटी. बसस्टॉप आला तर पिशवी. बाई बदलायची नाही. सावली काळ्या रंगात पाणी घालून."

अक्षता उभी राहिली. "सर, पण सावली काळी नसते ना?"

"नसते."

"मग?"

"परीक्षेत असते. बस खाली."

मुलं हसली. सर हसले नाहीत. मधल्या सुट्टीत ते तिच्या बाकापाशी आले. "गेल्या वर्षी ऋतिकाने स्वतःच्या मनाने काढलं होतं. छान होतं, मला आवडलं होतं. सी ग्रेड आली तिला, आणि तिने ब्रश ठेवला तो ठेवलाच. मला पुन्हा तसं नकोय, अक्षता. एकदा ए घे. मग काय हवं ते काढ."

"नक्की ना, सर?"

"नक्की."

सर खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

मग अक्षताने बाई पाठ केली. आपण पाढे जसे पाठ करतो, तशी. रोज संध्याकाळी एक बाई. आधी अंबाडा, मग मान, मग खांदे सरळ रेषेत, मग पाटी. पहिल्या आठवड्यात छापील चित्राकडे बघावं लागे, मग नाही. पुढेपुढे ती बाई काढता काढता आईशी गप्पा मारू लागली. रविवारी मंडईत जायला वेळ उरेना.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला आणि अक्षता जवळजवळ ओरडलीच. विषय होता, 'भाजी मंडईतील दृश्य'.

तिने डोळे मिटले. सगळं होतं तिथे. पिवळी ताडपत्री, गोणपाट, कलता खांदा, बोटाएवढी वेणी. तिने पेन्सिल टेकवली. आत्याचं डोकं काढायला हात वळला आणि गोल अंबाडा झाला. तिने खोडला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अंबाडा. खांदा खाली घ्यायचा म्हणून हात दाबून धरला, तरी खांदे सरळ रेषेत आले. कागद एकच मिळतो, त्यावर शिक्का असतो, आणि खोडून खोडून तो तिथे पातळ होऊ लागला होता.

"ए मुली, कागदाला भोक पाडायची परीक्षा नाहीये ही," पर्यवेक्षक बाई शेजारून जाताना म्हणाल्या.

अक्षताने मान वर केली. पुढच्या बाकावर सार्थकची बाई उभी होती. त्याच्या पलीकडे आणखी एक, डावीकडे आणखी एक. सगळ्यांचा एक पाय पुढे. घड्याळात वेळ चालला होता. तिने हात सैल सोडला, आणि हाताने चाळीस मिनिटांत बाई, पाटी, झाड, कळस सगळं बिनचूक काढून दिलं. सावली तिने काळ्यात पाणी घालून रंगवली.

थंडीत निकाल लागला. ए ग्रेड.

वडिलांनी स्वतः जाऊन तिला जाड कागदाची मोठी वही आणि नवे रंग आणले. "क्लास चालू," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच तिच्या ब्रशांकडे नीट बघत बसले. शाळेच्या फळ्यावर सगळ्यांची नावं लागली. सलिल सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "सुटलीस. आता तुला हवं ते."

त्या रविवारी नवी वही घेऊन ती मंडईत गेली. आत्याने तिला पाहिलं आणि शेजारच्या गाळ्याकडे बघून हाक दिली, "आगं गोदाबाई, आली बघ आमची चितारीन! सरकारनं नंबर दिलाय." मग अक्षताला गोणपाटावर जागा करून देत म्हणाली, "सांग आता. मी कशी आले चित्रात?"

अक्षता वहीचा कोपरा दुमडू लागली.

"बरी आले का न्हाई?"

"ते चित्र परत देत नाहीत, आत्या."

"त्ये ऱ्हाऊ दे. येनी काढलीस का माझी?"

अक्षताने वही उघडली. "आत्ता काढते. हलू नकोस."

"मी हलले न्हाई तर लिंबं कोन इकंल?" असं म्हणाली तरी आत्या सरळ बसली, पदर नीट करून.

अक्षताने तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग पेन्सिल टेकवली आणि गोल अंबाडा काढला.

तिने पान उलटलं. दुसऱ्या पानावर खांद्यापासून सुरुवात केली, म्हणजे अंबाड्याची वेळच येणार नाही. खांदे सरळ रेषेत आले आणि त्यांच्यावर, तिने न सांगता, मान आली, अंबाडा आला. तिसऱ्या पानावर फक्त लिंबू काढायचं ठरवलं. लिंबाखाली लगेच पाटी उमटली, पाटीला कंबर. तिने जमिनीकडे पाहिलं. सावली अजून जांभळीच दिसत होती. डोळ्यांना काही झालं नव्हतं. ते सगळं हाताला झालं होतं.

"झालं का?" आत्याने विचारलं. "मान आखडली माझी."

अक्षताने वही तिच्यापासून लपवली. आत्याने ती हलकेच ओढून घेतली, एक पान बघितलं, दुसरं बघितलं.

"ही कोन बाई?" ती म्हणाली. ती चिडली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "वळखीची दिसत न्हाई."

"मला दुसरी येतच नाही, आत्या," अक्षता म्हणाली, आणि तिचं तोंड रडवेलं झालं. "मी तुला बघते आणि हीच येते."

आत्याने पदराने अक्षताचं नाक पुसलं, अक्षता लहान असताना पुसायची तसं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि आत्या तिकडे वळली. वळताना तिचा खांदा आणखी कलला.

अक्षता उजव्या हाताकडे बघत बसली. मग तिने तो हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली, चांगली दाबून. पेन्सिल डाव्या हातात घेतली. त्या हाताला काहीच येत नव्हतं, नाव लिहितासुद्धा येत नव्हतं. नवीन पानावर तिने एक रेघ ओढली. ती थरथरत, अडखळत वरून खाली आली आणि एका बाजूला कलली.