जावई बाहेरगावी, मिस्त्री घरात

नाना खोकू लागले की समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडायची. जन्मभर कचेरीत नकाशे काढलेल्या या गृहस्थांना निवृत्तीनंतर सुतारकामाचं वेड लागलं आणि मागच्या खोलीत करवत, रंधा, पॉलिश पेपर असा संसार मांडला गेला. भुसा घरात येता कामा नये, ही बायकोची सक्त ताकीद. म्हणून दारं-खिडक्या बंद. भुसा घरात आला नाही. तो सगळा नानांच्या छातीत गेला.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून सांगितलं, "दिसतो त्या भुशाचं एवढं नाही. दिसत नाही ती बारीक भुकटी खोल जाऊन बसते. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि चांगला घट्ट मास्क घाला. पण या दाढीवर तो बसायचा नाही."

"मग?"

"मग काय, दाढी ठेवा नाहीतर फुप्फुसं."

नानांनी जड मनानं फुप्फुसं निवडली. गुळगुळीत नाना न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा बायको बघतच राहिली. "अगंबाई, तुम्हाला हनुवटीच नाही! हे लग्नाआधी कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मास्क, चष्मा, टोपी, गळ्यापर्यंत डगला असा जामानिमा करून नाना मागच्या खोलीतून पाणी प्यायला आले. समोर सासूबाई. त्या इथेच राहायच्या. डोळ्यांना अंधुक दिसायचं, कानांनी त्याहून कमी ऐकू यायचं, आणि जावई म्हणजे दाढी एवढीच त्यांची खूण.

"बरं झालं पोरी," त्या लेकीला म्हणाल्या, "अखेर खरा मिस्त्री बोलावलास. जावई कुठाय?"

बायकोला हसू आवरेना. ती बोलून गेली, "बाहेरगावी गेलेत."

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पाहुण्यांच्या कपात चहा करायला लावला आणि मिस्त्रीला खुर्ची दिली. "बसा. जावयानं केलेल्या स्टुलावर नको. त्यावर बसायचं म्हणजे आधी मृत्युपत्र करावं लागतं."

नानांनी मास्क काढला. "अहो आई, मीच आहे!"

"असू दे, असू दे. घरच्यासारखेच तुम्ही."

नानांनी तेच स्टूल आत नेलं, खालचे पाय तासून सारखे केले आणि परत आणून ठेवलं. सासूबाई त्यावर बसल्या, हलून पाहिलं. "याला म्हणतात हात! नाहीतर आमचा तो, नुसता खोकतो."

कौतुकानं नानांची छाती फुगली आणि त्याच क्षणी जळलीही. स्वतःचाच मत्सर करण्याची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ.

पण खरा घोटाळा पुढे झाला. एका सकाळी सासूबाईंनी मिस्त्रीला लेकीच्या खोलीतून पायजम्यात, दात घासत बाहेर येताना पाहिलं. चहा झाल्यावर त्यांनी लेकीला जवळ बसवलं.

"आई, तू समजतेस तसं काही नाही. ते हेच आहेत!" लेक कानाशी ओरडली.

"हेच आहेत ना? मग माझी हरकत नाही." सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माणूस कामसू आहे. खोकत नाही. तुझंही काही वय झालं नाही अजून."

नानांना हे कळलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दाढी वाढवायला घेतली. खुंटांवर मास्क बसेना, कडेनं हवा शिरू लागली आणि खोकला परत आला. तो दारं हलवणारा आवाज सासूबाईंनाही ऐकू गेला.

"आला वाटतं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवायलाही उठेनात. बायकोनं मुकाट्यानं वस्तरा आणून नानांच्या हातात ठेवला.

आता सासूबाई रोज मागच्या खोलीत येऊन बसतात. पंखा घरघरत असतो. नानांनी त्यांना छोटा मास्क आणून दिलाय. आत यायचं तर तो लावायचाच, असा मिस्त्रीचा नियम त्या विनातक्रार पाळतात. परवा नाना फळी घासत होते. सासूबाई जरा वाकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, आणि समजा तो परत आला तर हो?"

नानांनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन ते मोठ्यानं म्हणाले, "येऊ दे ना आई. मी बघतो त्याच्याकडे!"