चहाआधीचा अर्धा तास

माझ्या सासूबाई मला थंडगोळा म्हणत. शिलाई मशीनवर डुलकी लागली की मी आळशी, तोंडावर सूज आली की खाऊन माजलेली. तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गर्भ पडला, तेव्हा तर त्यांच्या जिभेला हाडच राहिलं नाही. शेजारणींना सांगायच्या, हिच्या अंगी काही टिकतच नाही.

नव्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. म्हणाल्या, थायरॉइड मंद आहे. झोप, थंडी, सूज सगळं त्याचंच, आणि गर्भ न टिकण्यामागेही हे एक कारण असू शकतं. त्यांनी बारीकशी गोळी लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहाचं नाव काढायचं नाही.

अर्धा तास ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. सात वर्षं सासूबाईंचा दंडक होता: त्या उठल्या की बरोबर अर्ध्या तासाने चहा, मिनिटभर आधी आणला तरी कप परत. मी त्याला नखरा समजत होते.

दुपारी त्या बाहेर गेल्यावर मी त्यांचा बटणांचा डबा पालथा घातला. तळाशी तीच गोळी निघाली.

म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे भांडले असते, पण मला ते नवऱ्यासमोर हवं होतं.

सकाळी तो टेबलाशी येऊन बसला. मी दोन बशांत दोन गोळ्या ठेवल्या आणि एक बशी सासूबाईंपुढे सरकवली.

"घ्या आई. आता चोरून कशाला? बरोबरच घेऊ."

कसली गोळी, असं त्याने विचारलं. आधी त्यांनी कानावर हात ठेवले. मी डबाच आणून ठेवला, तेव्हा बोलल्या. लेकाच्या आधी त्यांचेही दोन गर्भ पडले होते. ही गोळी सुरू झाली आणि हा राहिला. सून आजारी निघाली म्हणून सासरी हिणवतील, या भीतीने त्यांनी ती लपवली, ती आजतागायत.

"मी या गोळीमुळे आहे," तो म्हणाला, "आणि माझी तीन..."

आईकडे न बघता तो उठून गेला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

सासूबाईंनी माझा हात धरला. माफ कर म्हणाल्या. मी हात सोडवून घेतला.

"माझ्याकडे काय मागता? त्या तिघांकडे मागा."